शोषखड्डा की भुयारी गटार? पिनारूने काढलेली वाट

गावाकडे फोन केला की हल्ली एक वाद हमखास ऐकू येतो. जल जीवन मिशनचे नळ आले, आता सांडपाण्याचं काय? काहीजण म्हणतात, घरोघरी शोषखड्डे, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवणारे खड्डे घ्या, नांदेड जिल्ह्यात असे खड्डे घेण्याच्या ‘नांदेड पॅटर्न’ने डास कमी झालेच ना! बाकीच्यांना शहरासारखी भुयारी गटार हवी आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड शहरात बसून हे ऐकताना मला वाटतं, जमीन कशी आहे आणि पाणी किती आहे, हे कुणी आधी विचारतच नाही.

मुरमाड जमिनीत शोषखड्डा उत्तम चालतो, तिथे दुसरं काही करूच नये. पण मराठवाड्यातली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी मुरेनासं होतं. गटारीचं दुखणं वेगळं. मैला वाहता राहायला भरपूर पाणी आणि चांगला उतार लागतो. शहरात गटार टाकायची तर माणशी 135 लिटर पाणीपुरवठा धरतात. गावाच्या नळयोजनेत माणशी 55 लिटर मिळतात.

दक्षिण ऑस्ट्रेलिया हे इथलं सर्वांत कोरडं राज्य. सेप्टिक टँकचं पाणी जमिनीत मुरत नाही, ही इथल्या लहान गावांचीही तक्रार होती. त्यावर 1962 मध्ये पिनारू या गहू पिकवणाऱ्या गावात पहिली योजना झाली. घरचा सेप्टिक टँक तसाच ठेवला. गाळ त्यात बसतो आणि वरचं निवळलेलं पाणी तेवढं गावाबाहेरच्या तळ्यांत जातं. नळीतून मैला वाहायचा नसल्याने अशा योजनांत 100 मिलिमीटरची नळी पुरते, उतार कमी चालतो, खोदाईही उथळ राहते. तळ्यात ऊन, शेवाळ आणि जिवाणू पाणी सुधारतात, जंतांची अंडी तळाशी बसतात. अशी तळी आता या राज्यात बऱ्याच गावांत आहेत, आणि कितीतरी ठिकाणी ते पाणी पुढे मैदानांना आणि झाडांना देतात.

दोन हजार वस्तीच्या गावाला 55 लिटरप्रमाणे पाणी मिळालं, तर रोज 75 हजार लिटरच्या आसपास सांडपाणी निघेल. दुष्काळी तालुक्यात हे पाणी नालीत सडू देणं मला सहन होत नाही. उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी आटेल, क्षार वाढतील, हे खरं. कच्च्या खायच्या भाज्यांना ते देऊच नये. पण बांबू, चारा, गावाभोवतीची झाडी त्यावर जगेल.

मात्र इथली नक्कल तशीच उतरणार नाही. इथे जागा मुबलक आहे, राज्य सरकारचं अनुदान आहे, आणि स्थानिक कौन्सिल दरवर्षी आकार घेऊन योजना चालवते. आपल्याकडे पाणीपट्टी वसूल करतानाच सरपंचाच्या नाकी नऊ येतात. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामपंचायतींच्या अनुदानातला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला, तेव्हा बांधकामाला पैसा मिळूही शकतो. पुढची वीस वर्षं टँक कोण उपसणार?

मला सगळ्यात जास्त काळजी याच प्रश्नाची आहे. मैला हाताने उपसायला लावणं 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी हे काम कोणत्या जातींच्या माथी मारलं जातं ते आपण सगळे जाणतो. म्हणून पाच-सहा गावांनी मिळून मैला उपसणारी एक गाडी ठेवावी, आणि उपसलेल्या गाळासाठी वाळवण्याचे वाफे तळ्याशेजारीच बांधावेत. गाडी, चालक आणि डिझेल यांचा खर्च अंदाजपत्रकात दिसत नसेल, तर ग्रामसभेने त्या योजनेला मंजुरी देऊ नये.