कोळसा ओढणारा गायक

परवा एका मित्राला 'किनो' या रशियन बँडची गाणी ऐकवली. दोन मिनिटांत म्हणाला, "बरंय रे, पण रेकॉर्डिंग किती साधं! आणि चाली सगळ्या इंग्रजी बँडच्या वाटतात." तेव्हा गप्प बसलो. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय.

आधी रेकॉर्डिंगचं. सोव्हिएत संघात रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी 'मेलोदिया'. तिथे या पोरांना कोण उभं करणार? लेनिनग्राडमध्ये आंद्रेई त्रोपिल्लो नावाचा माणूस शाळकरी मुलांना ध्वनिमुद्रण शिकवायचा. कागदावर मुलांचा वर्ग, प्रत्यक्षात त्याच जागेत 'अक्वारियुम' नावाच्या बँडचे आणि किनोचे अल्बम तयार झाले. किनोचा पहिला अल्बम १९८२चा. दुकानात तो मिळणार नव्हताच. कुणीतरी दोन टेपरेकॉर्डर वायरीनं जोडायचं, एका रिळावरून दुसऱ्यावर उतरवून घ्यायचं आणि पुढच्याला द्यायचं. प्रत्येक उतरवणीत खरखर वाढत जायची. अशा रिळांवरूनच ही गाणी पार सैबेरियापर्यंत गेली. मला ती खरखर प्रिय आहे.

आता माणसाबद्दल. काम न करणं हा तिथे गुन्हा होता. कवी ब्रॉडस्कीला १९६४मध्ये 'ऐतखाऊ' ठरवून हद्दपार केलं ते याच कायद्यानं. त्यामुळे गाणारी पोरं झाडूवाले झाली, वॉचमन झाली, बॉयलरवर लागली. तिथली पाळी लांबलचक, पण ती संपली की पुढचे दिवस मोकळे, गाण्यासाठी. किनोचा गायक व्हिक्टर त्सोय १९८६मध्ये लेनिनग्राडच्या ब्लोखिन रस्त्यावरच्या एका बॉयलरखोलीत कामाला लागला. कोळशावर चालणारी, तळघरातली खोली. तिला सगळे 'कामचाटका' म्हणायचे. कामचाटका म्हणजे रशियाच्या पार पूर्व टोकाचा प्रदेश, आणि रशियन शाळांच्या बोलीत वर्गातले मागचे बाक.

माझे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. गळीत हंगामात घरी आले की चांगली रगडून आंघोळ करायचे, तरी कानामागे काजळी राहायचीच. आई पदराच्या टोकानं ती पुसायची. एका माहितीपटात त्सोय फावड्यानं भट्टीत कोळसा टाकताना दिसतो. ते पाहताना माझं लक्ष गाण्याकडे नव्हतं, त्याच्या कानामागे होतं. तोवर देशभरातली पोरं त्याची गाणी पाठ म्हणत होती, आणि हा पाळी भरत होता.

१९८७च्या 'अस्सा' सिनेमाचा शेवट मी कितीदा पाहिला असेल! त्सोय रेस्टॉरंटमध्ये गाण्याचं काम मागायला येतो. तिथल्या बाई नियम वाचायला लागतात, एकामागून एक. तो मध्येच उठून चालू लागतो, बाईंचं वाचन चालूच. तो माइकसमोर उभा राहून बदल मागणारं गाणं सुरू करतो, आणि बघता बघता समोर हजारोंचा जमाव. २४ जून १९९० रोजी मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम त्याच्यासाठी भरलं. १५ ऑगस्टला लात्वियात त्याची गाडी बसवर आदळली. वय २८. मॉस्कोच्या अर्बात भागातल्या एका भिंतीवर लोकांनी 'त्सोय जिवंत आहे' असं लिहिलं. भिंत अजून आहे.

चाली परदेशी बँडसारख्या वाटतात हे मला मान्य आहे. ही पोरं ते संगीत जीव टाकून ऐकतच होती. पण रशियन रॉकचा जीव शब्दांत आहे. अलेक्सांद्र बाश्लाचोव हाताला घुंगरू बांधून एकाच गिटारवर लोकांच्या घरी गायचा. अशा घरगुती मैफलीला ते 'क्वार्तीरनिक' म्हणतात. खोलीत मावतील तेवढी माणसं, जमिनीवर दाटीवाटीनं. तिथे ड्रम वाजवायची सोय नाही, शेजारी पोलिसांना बोलावतील. मग उरतो शब्द. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, आधी अनुवाद शोधून शब्द वाचा, मग गाणं लावा.

आणि हे सगळं जुनं झालेलं नाही. 'देदेते' या रशियन रॉक बँडच्या युरी शेवचुकनं मे २०२२मध्ये उफा शहरात, भरल्या कार्यक्रमात, मायभूमी म्हणजे राष्ट्राध्यक्ष नव्हे असं ठणकावून सांगितलं. त्याला ५०,००० रुबल दंड झाला. अक्वारियुमच्या बोरिस ग्रेबेन्शिकोवला २०२३मध्ये सरकारनं 'परदेशी एजंट' ठरवलं. त्याच पिढीतले काही सत्तेच्या बाजूनं उभे राहिले, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यांची जुनी गाणी आता पूर्वीसारखी ऐकवत नाहीत.

ऑगस्ट २०२०, बेलारूसची राजधानी मिन्स्क. निवडणुकीच्या तोंडावर ठेवलेला सरकारी कार्यक्रम. साउंड सांभाळणाऱ्या दोन तरुणांनी अचानक त्सोयचं तेच बदलाचं गाणं लावलं आणि हात वर करून तिथेच उभे राहिले. खाली जमलेली माणसं गाऊ लागली. दोघांना दहा दहा दिवसांची कैद झाली.