आम्ही दोघं मुंबई बघायला का गेलो : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

आमच्या मुंबईच्या सहलीवर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाने लिहिलीत, पण मनापासून लिहिलीत, म्हणून दोन ओळींत 'धन्यवाद' लिहून मोकळं होणं मला पटलं नाही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुमचं म्हणणं असं की आम्ही देवगडची माणसं, समुद्र दाराशी, तरी पैसे मोडून मुंबईचा समुद्र बघायला गेलो. डोंबिवलीत सख्खी माणसं असताना फोर्टातल्या लॉजवर उतरलो. इंग्रजांच्या इमारतींचं कौतुक केलं आणि ज्या गिरणगावात आपल्या बापजाद्यांनी आयुष्य काढलं, त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. आणि मग तुम्ही लिहिलंत, 'मुंबई ही कोकणी माणसाने राबायची जागा आहे, मिरवायची नाही.'

हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं, म्हणून आधी त्याबद्दलच लिहिते.

माझे सासरे परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. राहायचे गावच्या मंडळाच्या खोलीत. त्या खोल्या तुमच्या घरातल्या कुणीतरी नक्की पाहिल्या असतील. एका खोलीत गावातले वीस-पंचवीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, भिंतीवर कपड्यांसाठी एक खुंटी. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळीहून आलेला त्याच जागेवर आपली वळकटी पसरायचा. जेवण खानावळीत. अशा खोलीत बायकोला कुठे आणणार? स्वतंत्र बिऱ्हाड करण्याइतका पगार नव्हता आणि गावाकडे भातशेती, गुरं, म्हातारी माणसं होती. म्हणून सासूबाई गावाला राहिल्या. सासरे गणपतीला यायचे, जमलं तर शिमग्याला. मधल्या काळात यायची ती मनिऑर्डर. लग्न झाल्यापासून गिरणी सुटेपर्यंत त्या दोघांचा संसार असा चालला, आणि यात त्यांचं काही वेगळं नव्हतं. आमच्या वाडीतल्या निम्म्याहून अधिक घरांची हीच रीत होती.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पुढे काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, संप फसला आणि बऱ्याच गिरण्या बंद पडल्या. सासरे वळकटी घेऊन गावाला परतले ते कायमचे. सासूबाईंनी मुंबई पाहिली ती नंतर, सासऱ्यांच्या आजारपणात, एका सरकारी रुग्णालयाच्या खाटेशी बसून. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांना मोठ्या उत्साहाने विचारलं होतं, मुंबई कशी आहे हो? त्या म्हणाल्या, "माका मुंबय म्हायत नाय गो. माका हास्पिटलाची खिडकी म्हायत."

तुमचं वाक्य वाचलं आणि मला ही खिडकी आठवली. राबायची जागा म्हणालात, ते खरंच आहे. पण ज्या बाईने नवऱ्याचं सगळं तारुण्य त्या शहराला दिलं, तिला ते शहर बघायचा हक्क नव्हता का? आमच्याकडे मुंबईला जायचं ते नोकरीला, दवाखान्याला, नाहीतर कुणाच्या दिवसांना. नवरा-बायकोने दोघांनीच जायचं, हातात कुठलाही रिपोर्ट नाही, कुणाला भेटायची घाई नाही, नुसतं बघत हिंडायचं, असं माझ्या सासरच्या घरात आमच्याआधी कुणी केलं नव्हतं. भात कापून झोडून झालं होतं, आंब्याचा मोहर यायचा होता, मधले थोडे दिवस मोकळे होते. ते आम्ही यासाठी वापरले. याला मिरवणं म्हणू नका.

आणि मुंबई परकी आहे हे गृहीत धरूनच तुम्ही लिहिलं आहे, ते मला मान्य नाही. सरकारी हिशेबाने पाहिलंत तर कोकण विभागात मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे येतात, पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि आपल्या सिंधुदुर्गाबरोबर. जुन्या काळात गेलात तर उत्तर कोकणावर शिलाहारांचं राज्य होतं, आणि वाळकेश्वरच्या बाणगंगा तळ्याची परंपरा त्यांच्या काळापर्यंत नेली जाते. तिथलं देऊळ १७१५ साली रामा कामती यांनी पुन्हा बांधलं, ते आपल्याच गौड सारस्वतांपैकी. बाणगंगेच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समुद्र हाकेच्या अंतरावर आहे, तरी तळ्याचं पाणी गोडं. माझ्या यजमानांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर ओंजळीने पाणी घेऊन चव बघितली. किनाऱ्यालगतच्या विहिरीचं पाणी गोडं निघालं की आपल्याकडे वाडीचं नशीब उघडतं. त्या माणसाला बाणगंगा परकी वाटणं शक्य नव्हतं.

घारापुरी बेटावरच्या लेण्यांबद्दल मी लेखात दोन परिच्छेद लिहिले, ते तुम्हाला 'गाइडबुकातले' वाटले. मग इथे जरा सविस्तर लिहिते, कारण या सहलीत मला सगळ्यात जास्त देऊन गेली ती घारापुरीच. गेटवेवरून बोटीने सुमारे तासभर लागतो. वर शंभराहून जास्त पायऱ्या. आत शिरल्यावर सगळे थेट त्या त्रिमुखी सदाशिवासमोर जाऊन उभे राहतात, आणि राहावंच, जवळजवळ वीस फूट उंचीची ती मूर्ती आहे आणि मधला चेहरा इतका शांत आहे की आपोआप आवाज खाली येतो. पण आम्ही जास्त वेळ थांबलो ते शिवपार्वतीच्या लग्नाच्या शिल्पापाशी. पार्वती शंकराच्या उजव्या बाजूला उभी आहे, म्हणजे लग्न अजून लागायचं आहे, वधू अजून वामांगी, म्हणजे डाव्या बाजूची, झालेली नाही. तिची मान किंचित झुकलेली. पोर्तुगिजांच्या काळात या लेण्यांची मोडतोड झाली, हातपाय तुटले, तरी त्या झुकलेल्या मानेतली लाज कुणाला तोडता आली नाही. दुसरीकडे तीच दोघं सारीपाट खेळायला बसली आहेत. रुसलेली पार्वती तोंड फिरवून बसली आहे, असं त्याचं वर्णन करतात. एकाच डोंगरात लग्नही आणि लग्नानंतरचा रुसवाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या आसपास कुणा कारागिराने हे कोरलं, आणि ते बघायला आम्ही नवरा-बायको शेजारी शेजारी उभे होतो. यातलं मला काय वाटलं ते मी लेखात लिहायला संकोचले होते. आता लिहिलं.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगिजांनी या बेटाला एलिफंटा हे नाव दिलं, तो हत्ती आता बेटावर नाही. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, तो तडीस गेला नाही. हत्तीचे तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले गेले. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाजवळ उभा आहे. सांधलेल्या भेगा दिसतात. आम्ही घारापुरीला जाऊन आल्यावर मुद्दाम तिथे गेलो. घरातून नेलेला माणूस दुसऱ्या गावात भेटावा तसं वाटलं.

आता इंग्रजांच्या इमारती. कोकणकन्या गाडीने पहाटे सीएसएमटी स्थानकात उतरलो आणि बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून ती इमारत पाहिली. तेव्हा गर्दी नव्हती. हो, मी तिचं कौतुक केलं आणि पुन्हा करेन. आराखडा एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा, काम १८७८ ला सुरू झालं आणि १८८८ ला संपलं, २००४ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. पण दादा, त्या भिंतींवरची पानं, फुलं, मोर, माणसांचे चेहरे बघा. ते नक्षीकाम मुंबईच्याच जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी केलं. दगड इथला, फोडणारे इथले, वाहणारे इथले, कोरणारे इथले. पैसा आणि हुकूम त्यांचा होता म्हणून हातही त्यांचेच होते असं आपण का धरून चालायचं? राजाबाई टॉवरचं तर पैशाचंही तसं नाही. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटने आराखडा केला तो इंग्लंडात बसून, पण पैसे दिले प्रेमचंद रायचंद यांनी आणि नाव लावलं आपल्या आईचं. १८७८ पासून मुंबईच्या विद्यापीठाच्या माथ्यावर एका इथल्या बाईचं नाव आहे. ओव्हल मैदानाच्या एका बाजूला हा टॉवर आणि हायकोर्ट, समोरच्या बाजूला नंतरच्या काळातल्या आर्ट डेको शैलीच्या इमारती, मधे पोरं क्रिकेट खेळतात. हा सगळा परिसर २०१८ मध्ये जागतिक वारसा झाला. मैदानाच्या कडेला बसून दोन्ही बाजू बघायला एक पैसा लागत नाही, हेही तुमच्या खर्चाच्या मुद्द्यासाठी सांगून ठेवते.

लॉजबद्दल थोडंच लिहिते. डोंबिवलीत माझे दीर आहेत, वन रूम किचन, चार माणसं. जाऊबाई पहाटे उठून डबे करून लोकल गाठतात. आम्ही गेलो की ती माणसं आपली खाट आम्हाला देणार आणि स्वतः स्वयंपाकघरात झोपणार. त्यांना विचारलं तर ती हसत हसत देतील, म्हणूनच विचारायचं नव्हतं. रविवारी आम्ही तिकडे गेलो, कुळथाचं पीठ, आमसुलं आणि फणसाची साठं घेऊन, दिवसभर राहिलो, संध्याकाळी परत आलो. कुणी रागावलं नाही. ज्यांच्या घरी आम्ही उतरलो नाही म्हणून तुम्हाला वाईट वाटलं, त्यांना वाटलं नाही.

समुद्राचंही सांगते. देवगडचा समुद्र आणि मरीन ड्राइव्हचा समुद्र पाण्याने एकच, पण आपल्याकडे समुद्राकडे बघणं हे कामाचं बघणं असतं. वारा कुठला, होड्या परतल्या का, उद्या मासळी येईल का. आणि लग्नाला इतकी वर्षं झालेली जोडी किनाऱ्यावर नुसती बसलेली दिसली तर अख्खी वाडी विचारते, काय झालं, भांडलात का, कुणी आजारी आहे का? मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर आम्हाला कुणी काही विचारलं नाही. शेजारी कॉलेजची पोरं होती, पलीकडे एक आजी-आजोबा. दिवे लागेपर्यंत आणि नंतरही आम्ही बसून होतो. यजमान कमी बोलणारे आहेत. त्या संध्याकाळी त्यांनी मला वडिलांबद्दल बरंच काही सांगितलं, जे इतक्या वर्षांत घरात बोलणं झालं नव्हतं.

त्यातूनच दुसऱ्या दिवशी आम्ही परळ-लालबागला गेलो. तुम्ही म्हणता गिरणगावाबद्दल एक अक्षर नाही. त्या लेखात नाही, कारण ते बाणगंगा आणि म्युझियमच्या मधे एका परिच्छेदात कोंबायची माझी तयारी नव्हती. यजमानांना वडिलांची गिरणी ज्या रस्त्यावर होती तो रस्ता आठवत होता. लहानपणी एका मे महिन्यात ते तिथे आले होते. गिरणीच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. आसपासच्या बऱ्याच गिरण्यांचं तेच झालं, कुठे मॉल, कुठे ऑफिसं. एक चिमणी अजून दिसत होती, ती कुठल्या गिरणीची हे विचारायला तिथे जुना माणूस भेटला नाही. मंडळाची खोली मात्र सापडली. आजही ती गावाच्या नावावर आहे. आत दोन तरुण मुलं होती, आमच्याच पंचक्रोशीतली, एक कुरियरचं काम करणारा. भिंतीवर खुंट्या तशाच. यजमान दारातच उभे राहिले. आत चला म्हणाली पोरं, तर गेले, आणि एका कोपऱ्याकडे बघून म्हणाले, 'बाबा इथे झोपायचे बहुतेक.' मी फोटो काढला नाही.

तिथून भाऊच्या धक्क्यावर गेलो. गाडी आणि महामार्ग नीट होण्याआधी कोकणातली माणसं मुंबईत उतरायची ती तिथे. कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली ती १९९८ मध्ये, त्याआधीच्या कित्येक पिढ्या बोटीने आल्या. आपल्याकडच्या बंदरात बोट आत येत नसे, पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, जाऊन बोटीवर चढायचं, पावसाळ्यात आपल्याकडे येणारी ती बोटही बंद. १७ जुलै १९४७ ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता, त्या गडबडीत ती आपल्या किनाऱ्याबाहेर फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. आज धक्क्यावर मासळीचा लिलाव चालतो, वास आणि आरडाओरडा थेट आपल्या बंदरासारखा. मुंबई बघायला जाणाऱ्या कोकणातल्या माणसाने पहाटे तिथे जावं असं मला मनापासून वाटतं. यावर मी स्वतंत्रपणे लिहिणार आहे, सासूबाईंशी आणखी बोलून, कारण आता त्या सांगायला लागल्या आहेत.

तुम्ही प्रतिक्रियेत जाता जाता लिहिलंय की तुम्ही वीस वर्षं मुंबईत आहात, राणीची बागसुद्धा बघितली नाही, आणि आई-वडील गावाला असतात. मला वाटतं तुमचा राग थोडा तिथलाही आहे. गणपतीनंतर शेतीची कामं उरकली की त्यांना चार दिवस बोलवा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि भायखळ्याचं संग्रहालय बुधवारी, तेवढं बघून तारखा ठरवा. सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एक धरा, ऊन चढायच्या आत वर पोचाल. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, आणि वडिलांना पायऱ्या झेपत नसतील तर खुर्चीवरून वर नेणारे डोलीवाले तिथे असतात. भाव आधी ठरवा, आणि दोघांना एकाच वेळी वर न्यायला सांगा.