धुराची मागणी करण्याआधी बॅरल घासा

बेळगावातल्या आमच्या वडगावात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, त्यामुळे घरोघरी न्हाणीत दोन-तीन बॅरल आणि ओळीने घागरी भरून ठेवलेल्या असतात. डेंगीचा डास गटारात नव्हे, तर याच स्वच्छ साठवणीत वाढतो, हे मला गेल्या श्रावणात धाकटी मुलगी तापाने फणफणली तेव्हा उमगले. घरी आलेल्या आशाताईंनी बॅरलमध्ये बॅटरीचा उजेड टाकला आणि वळवळत बुडाशी जाणाऱ्या अळ्या आम्हांला दाखवल्या.

अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येक भांडे रिकामे झालेच पाहिजे. मात्र नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण आतल्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही कित्येक महिने टिकतात आणि बॅरल भरला की त्यांतून पुन्हा अळ्या निघतात. कडा काथ्याने खसाखसा घासावी लागते आणि भरल्यावर तोंडाला जुन्या लुगड्याचे फडके घट्ट बांधावे लागते. हा डास दिवसा चावतो. आमच्याकडे विणकामाच्या मागावर दिवसभर बसणाऱ्यांनी पायांकडे विशेष लक्ष द्यावे.

गल्लीत रुग्ण सापडला की आपण धूरफवारणी मागतो, पण धुराने फक्त उडते डास मरतात, अळ्या तशाच राहतात. कर्नाटक सरकारने २०२४ मध्ये घरात डासांची पैदास आढळल्यास शहरात ४०० रुपये दंड ठरवला. तो मला योग्य वाटतो, पण नळाला रोज पाणी आले तर इतकी साठवण करावीच लागणार नाही, हेही सरकारने ध्यानात घ्यावे.

पाचव्या दिवशी मुलीचा ताप उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. डेंगीत खरा धोका अनेकदा तिथेच सुरू होतो, कारण रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरू लागतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा हातपाय गार पडणे, यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तत्काळ दवाखान्यात न्यावे. तिचे तळवे गार लागले म्हणून आईने हट्ट धरला आणि आम्ही वेळेत पोहोचलो. अंगदुखीवर स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार अधिक गंभीर होऊ शकतो, त्यामुळे मुलगी बरी झाली तरी माझी काळजी मिटलेली नाही. उद्या आमच्या गल्लीत नळाची पाळी आहे. उरलेले पाणी आज संध्याकाळीच परसातल्या झाडांना घालून तिन्ही बॅरल उपडे करणार आहे.