गोळीतलं आर्सेनिक आणि बोअरमधलं

पावसाळा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आर्सेनिक अल्बम ३०’चा वाद पेटतो. जानेवारी २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने करोनाच्या तोंडावर ही होमिओपॅथीची गोळी सुचवली, सोसायट्यांमध्ये तिच्या बाटल्या वाटल्या गेल्या. काका म्हणतात, प्रतिकारशक्ती वाढते. चुलतबहीण डॉक्टर, ती म्हणते, थोतांड. मी तिच्या बाजूचा: मूळ आर्सेनिक दरवेळी शंभरपट, असं तीसदा विरळ केल्यावर गोळीत आर्सेनिकचा एक अणूही उरत नाही. पण दोघंही भांडतात ते नसलेल्या आर्सेनिकवरून, याची मला गंमत वाटते.

कारण असलेलं आर्सेनिक माझ्या बोअरमध्ये आहे. मी अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यात राहतो. इथल्या खडकातून ते पाण्यात उतरतं आणि खासगी बोअरपैकी पाचातल्या सुमारे एकीत लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या वर जातं. माझा रिपोर्ट १४ आला. पाणी काचेसारखं स्वच्छ, ना वास ना चव. राज्याने २०२१ मध्ये मर्यादा १० वरून ५ वर आणली खरी, पण ती सार्वजनिक पुरवठ्याला. खासगी बोअर ज्याची त्याने बघायची. अमेरिकेत सगळं सरकार बघतं, असं काकांना उगाच वाटतं.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर याच राज्यातल्या डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी उंदरांना पाच आठवडे लिटरला १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिकचं पाणी पाजलं आणि मग फ्लूचा विषाणू दिला. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. शत्रूची खबर लसिकाग्रंथींपर्यंत पोचवणाऱ्या डेंड्रिटिक पेशी तिथे कमी पोचल्या आणि उंदीर जास्त आजारी पडले. जंतूंशी सामना करून शरीर तयार होतं, हे काकांचं म्हणणं मला मान्य आहे. पण आर्सेनिक जंतू नाही. ते प्रथिनांमधल्या गंधकाला चिकटून पेशीचं काम बिघडवतं. तिथे सवय कसली लावणार? आणि उकळून जंतू मरतात, आर्सेनिक जात नाही; उलट वाफ जाते, आर्सेनिक मागे राहून दाट होतं.

आणि हे बंगाल-बिहारचंच दुखणं नाही. गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात, कौडीकसा गावात ते पाण्यात सापडलं आहे. ग्रुपवर कुणाला ठाऊक नव्हतं. काकांची बोअर गोंदियाला. भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या, म्हटलं, आणि अर्जात आर्सेनिक वेगळं लिहा, नेहमीच्या तपासणीत ते असेलच असं नाही.