चार आणे, आकडा आणि आयसोफिक्स

लहान मुलांच्या सीट विकणाऱ्या दुकानातल्या त्या पोराने माझ्या गाडीच्या मागच्या सीटच्या फटीत कोपरापर्यंत हात घातला, दोन मिनिटं चाचपडला आणि एकेक ऐवज बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला. चार आण्याचं एक नाणं. केसांचा एक आकडा. शेंगदाण्याची टरफलं, बहुधा मागच्या शतकातली. मग हात झटकत म्हणाला, "मॅडम, आयसोफिक्स नाहीये. हे आहे." आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून, "फिटिंगला साहेब येतील ना?"

साहेब येणार नव्हते. आमच्या साहेबांना पान लावता येतं, पाना लावता येत नाही. लेकीच्या सीटचे पैसे मोजून मी खोका डिकीत टाकला. चार आणेही ठेवून घेतले, सोडते की काय!

गाडी 1986 ची प्रीमियर पद्मिनी. 1089 सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, पुढे बाकडं, मागे बाकडं आणि अख्ख्या गाडीत एकही सीटबेल्ट नाही. तीन टोकांचा पट्टा व्होल्वोच्या नील्स बोहलिन यांनी 1959 मध्येच आणला होता. आमच्या गाडीची आजी, म्हणजे फियाट 1100 डिलाइट, कुर्ल्याच्या कारखान्यातून निघू लागली ती 1964 मध्ये. स्वीडनहून कुर्ल्याला यायला पट्ट्याला मात्र चांगली पस्तीस वर्षं लागली. पुढच्या सीटला तो आपल्याकडे 1994 च्या सुमारास सक्तीचा झाला आणि मागच्या सीटला 2002 च्या आसपास. बहुधा हार्बर लाइनने आला असावा.

आता आयसोफिक्स म्हणजे काय, तर गाडीच्या सांगाड्याला कारखान्यातच जोडलेल्या, सहा मिलिमीटर जाडीच्या दोन कांबी. दोन्हींच्या मध्यांत 280 मिलिमीटरचं अंतर. मुलाच्या सीटचे दोन जबडे त्यांना खट्कन पकडतात. ओळखीचा वेल्डिंगवाला म्हणेल, "त्यात काय, दोन सळया मारून देतो." मारू देऊ नका. कांब तो छान मारेल, पण ती ज्या पत्र्याला मारेल तो पत्रा पहिल्याच झटक्यात कांबीसकट उपटून येईल.

मग उरतो पट्टा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "युनिव्हर्सल" असतं. या विश्वात पद्मिनी मोडत नाही, हे आतल्या पुस्तिकेत मुंगीच्या अक्षरांत असतं: ही सीट तीन टोकांचा पट्टा असलेल्या गाडीसाठीच. काही सीट नुसत्या कंबरपट्ट्यावर बसतात, पण त्या शोधून घ्याव्या लागतात आणि त्यांत मुलाला धरणारा सीटचा स्वतःचा हार्नेस असावाच लागतो. मोठ्या मुलाला उंच करणारं बूस्टर तर नुसत्या कंबरपट्ट्यावर कधीही नाही. धडकेत मूल पुढे वाकतं, पट्टा हाडावरून पोटात सरकतो आणि आतडी, यकृत फाडतो. इथे विनोद नाही.

तर रविवारी सकाळी मी पार्किंगमध्ये मागची गादी काढून, पालथी पडून, स्क्रू-ड्रायव्हरने गाडीची जमीन टोचत होते. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याचं कवच हाच सांगाडा. त्यामुळे गंज कुठे आहे हे आधी कळायला हवं. मॅट उचलायचं, खालचं डांबर खरवडायचं आणि टोचायचं. टण् वाजलं तर पत्रा. कचकन आत गेलं तर आधी तो तुकडा कापून नवा पत्रा जोडायचा, बोल्टची गोष्ट त्यानंतर. एके ठिकाणी पुठ्ठा निघाला. वर रंग मारलेला.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे काका आले. हातात दुधाची पिशवी, अंगात बंडी, चेहऱ्यावर निवृत्त माणसाची अमर्याद फुरसत.

"काय गं, काय हरवलं?"

"काही नाही काका. बेल्ट बसवतेय. पिल्लूच्या सीटसाठी."

"बेल्ट?" काकांनी दुधाची पिशवी माझ्या बॉनेटवर ठेवली. "अगं, याच गाडीतून आम्ही नऊ जण महाबळेश्वरला गेलोय. चार पोरं मांडीवर, एक मागच्या काचेच्या फळीवर झोपलेलं. काही झालं का?"

"फळीवरचं कोण?"

"धाकटा. आता ऑस्ट्रेलियात असतो."

धाकट्याने देश सोडला याचा आणि फळीचा संबंध असेलच असं नाही.

"पोटाशी घट्ट धरायचं," काका म्हणाले. "आईच्या मिठीसारखा बेल्ट नाही."

मी गाडीतून बाहेर आले. काका, म्हटलं, ताशी 50 किलोमीटरला गाडी आपटली की दहा किलोचं पोर एका क्षणापुरतं दोन-अडीचशे किलोच्या जोराने पुढे जातं. लिफ्ट बंद होती तेव्हा वीस लिटरचा पाण्याचा कॅन उचलताना तुम्ही कंबर धरून बसला होतात. अडीचशे किलो कसे धराल?

काकांनी विचार केला. "सुतळीने बांधलं तर?"

हा गृहस्थ नंतर दोन तास तिथून हलला नाही. वर टॉर्च धरायचा हट्ट आणि टॉर्च स्वतःच्या पायावर. मी म्हणायची "नळीवर धरा", ते म्हणायचे "कुठली नळी?" तीच महत्त्वाची होती. ड्रिल लावण्याआधी पत्र्याच्या पलीकडे काय आहे ते खालून बघावंच लागतं: ब्रेकचा पाइप, पेट्रोलची लाइन, पेट्रोलची टाकी. वरून आंधळेपणाने भोक पाडलं की बेल्ट बसतो आणि ब्रेक जातो.

भोकातून निव्वळ बोल्ट-वॉशर घालून भागत नाही. झटक्याला तो नाणं निघावं तसा पत्र्यातून निघतो. पत्र्याच्या पलीकडून जाड पट्टी हवी. शर्यतीच्या गाड्यांच्या नियमांत प्रत्येक टोकाला किमान 40 चौरस सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी सांगितली आहे. म्हणजे साधारण 65 बाय 65 मिलिमीटर. कोपरे कानशीने गोल करायचे, नाहीतर पट्टीच पत्रा कापते. कंबरेच्या दोन टोकांत निदान 350 मिलिमीटर अंतर, आणि पट्टा सीटवरून खाली उतरताना जमिनीशी साधारण 45 ते 60 अंशांत. फार आडवा गेला तर तो पोटावर चढतो. खांद्याचं टोक छताला धरणाऱ्या मागच्या खांबात. खांब पोकळ असतो, म्हणून आतून नट असलेली पट्टी वेल्ड करून घ्यावी लागते, आणि ते काम घरी होत नाही.

बोल्टचा तर स्वतंत्र छळ आहे. जगभर सीटबेल्टचा बोल्ट 7/16 इंची, यूएनएफ म्हणजे बारीक आट्यांचा, इंचाला 20 आटे. म्हणजे 11.11 मिलिमीटर. हार्डवेअरवाल्याकडे दहा असतो, बारा असतो. दहा भोकात खुळखुळतो, बारा जात नाही, आणि दुकानदार गल्ल्यावरून मान वर न करता सांगतो, "बारा घ्या, ठोकून बसेल." ठोकून बसवलेला बोल्ट आटे खाऊन बसतो. शिवाय खऱ्या बोल्टला डोक्याखाली गुळगुळीत खांदा असतो, त्यावर पट्ट्याची कडी मोकळी फिरते. साध्या बोल्टने ती आवळली जाते आणि पट्टा कडेवर दुमडून झिजतो. नव्या पट्ट्याच्या पाकिटात बोल्ट येतात, तेच वापरा. आणि पट्टा नवाच घ्या. भंगारातला चारशे रुपयांचा पट्टा कुठल्या अपघातात ताणला गेलाय ते तो सांगत नाही.

रीळवाला पट्टा असेल तर रीळ बनवणाऱ्याने सांगितलेल्या कोनातच लावायचं. आत तोल ओळखणारा तुकडा असतो. रीळ कलतं बसलं की एकतर पट्टा बाहेरच येत नाही, नाहीतर हवा तेव्हा अडकत नाही. उलटं, म्हणजे मागे तोंड करून बसणाऱ्या सीटला पट्टा पार पाठीमागून वळसा घालून आणावा लागतो. अशा वेळी तो हमखास वीतभर कमी पडतो, म्हणून विकत घेण्याआधी सीट गाडीत ठेवून मोजा. बकल सीटच्या कडेवर आडवं टेकत असेल तरी नको. धक्क्यात ते तिथेच मोडतं.

सगळ्यात चिवट शत्रू मात्र ती गादी. स्प्रिंगा, काथ्या, वर गुळगुळीत रेक्झिन. संध्याकाळी गुडघा रोवून, अंगाचा भार टाकून पट्टा आवळावा, तर काथ्या रात्रीत दबतो आणि सकाळी सीट डुलते. पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवल्यावर सीट इंचाहून कमी हलायला हवी. पहिला आठवडा रोज आवळायचं. खाली उशी, चादर काही घालायचं नाही. तीही दबते.

काकांना "इंचभर" हे फार आवडलं. "चाचणी घेऊ," म्हणाले आणि घरून दहा किलो तांदळाची पिशवी घेऊन आले. वाडा कोलम. पिशवीला हार्नेस लावला. खांद्याच्या पट्टीची चिमूट येते का ते मी बघितलं, आली, म्हणून अजून ओढलं. काका पुढे बसले. त्यांना पट्टा नाही हे मी सांगितलं, तर म्हणाले, "मी काय तांदूळ आहे?"

गेटपाशी स्पीडब्रेकरआधी जोरात ब्रेक दाबला. तांदूळ जागचे हलले नाहीत. काकांचं कपाळ काचेला लागलं, आणि मागच्या फळीवरचं मान हलवणारं खेळण्यातलं कुत्रं हवेतून येऊन त्यांच्या मानेवर आदळलं. ते कुत्रं, तो टिश्यूचा डबा आणि छत्री आता घरात आहेत. फळीवर काही ठेवायचं नाही.

टेंगूळ चोळत काका म्हणाले, "भोकं पाडून गाडीची ओरिजिनॅलिटी घालवलीस मात्र."

यावर मात्र माझं डोकं फिरलं. हे वाक्य आठवड्यात तिसऱ्यांदा ऐकत होते. जुन्या गाड्यांचे शौकीन हॉर्नच्या रिंगसाठी कुर्ला पालथं घालतील, पण चार भोकं म्हटली की सुतक. लग्नाला गाडी मागायला येतात, तिला टेकून फोटो काढतात, आणि पट्टा दिसला की नाक मुरडतात. कायद्याचंही तेच. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीतलं कलम 194-बी सांगतं की चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालसीटविना नेलं तर हजार रुपये दंड. पट्टाच नसलेल्या गाडीत काय करायचं, यावर ते कलम गप्प. ब्रिटनमध्ये निदान स्पष्ट लिहिलंय: पट्टे नसलेल्या जुन्या गाडीत तीन वर्षांखालचं मूल न्यायचंच नाही, त्याहून मोठं असेल तर फक्त मागे. कडक आहे, पण कळतं तरी. आपल्याकडे विचारायला जावं तर पोरगं फटीत हात घालतं आणि साहेब कुठे म्हणून विचारतं.

खांबातल्या पट्टीचं वेल्डिंग पक्कं आहे की नाही ते ज्याने केलं त्याच्याकडून पुन्हा बघून घ्यायचंय. तोवर लेक आजीबरोबर रिक्षाने जाते, आणि रिक्षात कुठलाच पट्टा नाही, हे मला कुणी ऐकवू नये. सीटमध्ये तांदूळच आहेत. काल त्यांना घेऊन सर्व्हिस रोडने बारा किलोमीटर जाऊन आले, पट्टा पाऊण इंच सैल झाला, पुन्हा आवळला.

गाडी लावत होते तर वरून काकूंचा आवाज आला. "अगं, तुझी चाचणी झाली असेल तर दोन वाट्या तरी वर पाठव. पाहुणे आलेत."

हार्नेसचं बकल उघडेना. लहान मुलाला उघडता येऊ नये म्हणून ते कडक असतं.