पाचव्या इनिंगनंतर खोडरबर

फेब्रुवारीच्या अखेरीस ॲरिझोनात बेसबॉलचे सराव सामने सुरू होतात. फिनिक्सच्या आसपास पंधरा संघ, दहा मैदानं, आणि बहुतेक सामने दुपारी १:०५ ला. निकाल मोसमाच्या गुणतक्त्यात धरत नाहीत. तरीही मांडीवर स्कोअरकार्ड घेऊन पेन्सिलीने ते भरत बसणारी एक जमात आहे, आणि मी त्यातलाच.

पहिल्या चार इनिंग (दोन्ही संघांची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग, सामन्यात नऊ) सुखाच्या. प्रत्येक जागेला ठरलेला आकडा: पिचर (चेंडू फेकणारा) १, कॅचर (बॅटरमागे झेलणारा) २, पहिल्या बेसवरचा ३, दुसऱ्यावरचा ४, तिसऱ्यावरचा ५, दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून बाहेरचे तिघे ७, ८, ९. ६-४-३ लिहिलं की एका चेंडूवर दोघे कसे बाद झाले ते कळतं. तीन स्ट्राइकवर (हुकलेल्या किंवा सोडलेल्या योग्य चेंडूंवर) बाद म्हणजे 'के', आणि बॅट न हलवता तिसरा स्ट्राइक बघत राहिला तर तोच 'के' उलटा. २०२५ पासून मात्र उलटा 'के' घाईने काढू नये. पंचाच्या निर्णयावर दाद मागायला बॅटरने डोक्यावर हात आपटला की यंत्र निवाडा करतं, आणि कधी कधी 'के' पुसून माणूस परत उभा करावा लागतो.

खरे हाल पाचव्या इनिंगपासून. नावाजलेले खेळाडू दोन-तीनदा बॅटिंग करून निघून जातात. निवेदक एका दमात पाच बदल सांगतो, त्यातले दोन टाळ्यांत बुडतात. आत येतो ९७ नंबर. पाठीवर नाव नाही, छापील यादीत नंबर नाही. कार्डावर बॅटिंगच्या क्रमातल्या एका जागेला तीन ओळी असतात आणि सातव्या इनिंगला चौथा माणूस हजर. आपल्याकडे क्रिकेटच्या सराव सामन्यात पंधरा जण खेळवतात, पण तेही ओळखीचे असतात हो!

पिचरचं तर विचारूच नका. ठरलेले चेंडू संपले म्हणून मधेच बाहेर गेलेला गडी पुढच्या इनिंगला परत येतो. सराव सामन्यात ते चालतं. त्याच्यासाठी मी कडेने बाण काढतो. त्याला तीन होमरन बसले म्हणून हळहळू नये, तो कदाचित आज एकाच प्रकारचा चेंडू घोटवतोय. शिवाय तिथल्या कोरड्या हवेत कर्व्ह (वळणारा चेंडू) हवा तसा वळत नाही. २०२१ साली तर वीस चेंडू झाले की दोनच बाद असतानाही इनिंग संपवता यायची. तिसऱ्या बादच्या जागी मी फुली मारायचो.

मैदानाच्या कुंपणापलीकडच्या हिरवळीवर बसायचं तिकीट स्वस्त, पण धावफलक बऱ्याचदा नेमका पाठीमागे. सनस्क्रीनच्या बोटांनी कागद तेलकट होतो, मग त्यावर पेन्सिल उठत नाही.

नऊ इनिंगनंतर ५-५. जादा इनिंग नाही, बरोबरी मान्य, लोक गाड्यांकडे. मी अजून बेरीज जुळवतोय. माझ्या कार्डावर सहा-पाच आहे, आणि ती सहावी धाव ९७ नंबरच्या नावावर.