बॅगेत पंचवीस डिस्क आणि थ्रो एकही सरळ नाही

वैताग आलाय राव. डिस्क गोल्फ, म्हणजे लांबच्या बास्केटमध्ये डिस्क फेकायचा खेळ, आणि दर रविवारी तेच. टीवर, म्हणजे पहिला थ्रो मारायच्या जागी, भाऊ उभा राहणार, पाठीवरची बॅग खाली ठेवणार, चेन उघडणार, एक डिस्क काढून तिच्यावरचे आकडे वाचणार, परत ठेवणार, दुसरी काढणार, मूठभर गवत उडवून वारा बघणार, मागे दोन ग्रुप खोळंबलेत त्याचं काही नाही, आणि एवढं करून डिस्क नाक वर करून उठते आणि डावीकडे झाडीत. वर म्हणणार, "ही मला सूट होत नाही, जास्त ग्लाइडवाली, हवेत तरंगणारी घ्यायला पाहिजे."

अरे डिस्कला काय झालंय, तुझा हात बघ की!

डिस्ट्रॉयर नावाच्या लांब पल्ल्याच्या डिस्कवर १२ स्पीड लिहिलंय म्हणजे ती तेवढ्या जोरात मारली तरच नीट उडते, आपोआप लांब जात नाही. हाताला वेग नसला तर उजव्या हाताने बॅकहँड मारणाऱ्याची ती डावीकडेच पडणार. आणि हे आकडे कंपनीवालेच छापतात बरं का, पीडीजीए, म्हणजे या खेळाची संघटना, फक्त साइज, वजन असलं तपासून मान्यता देते. त्यात ओव्हरस्टेबल डिस्क तर सगळी पापं पोटात घालते, मनगट कसंही वळवा, शेवटी डावीकडे येतेच, मग चुकलं काय ते कळणार कसं? पटर, म्हणजे बास्केटजवळ मारायची हळू डिस्क, मात्र तोंडावर सांगतो. एव्हिआरसारखा २ स्पीडचा पटर टीवरून जोर लावून मारून बघा, सोडताना मनगट जरा जरी पलटलं की हातातून सुटतानाच थरथरतो आणि उजवीकडे कलंडतो.

एक पटर, मधल्या अंतराची एक मिडरेंज, फार तर लांब मारायला ७ स्पीडचा एखादा फेअरवे ड्रायव्हर. बास ना! तीच मिडरेंज बाहेरची कड खाली झुकवून हायझर मार, फ्लॅट मार, कड वर उचलून अ‍ॅनहायझर मार, महिनाभर दुसरीला हात लावू नको. पण नाही. हे बोललं की उत्तर तयार, "प्रो लोक वीस-वीस घेऊन फिरतात." अरे त्यांचा थ्रो दर वेळी सेम येतो रे, म्हणून डिस्क बदलली की फरक दिसतो, तुझे सलग दोन सारखे येत नाहीत, तुला काय कळणार कप्पाळ! नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं, इथे तर दर आठवड्याला नवीन अंगण विकत घेतायत.

परवा परत ग्रुपवर नव्या ड्रायव्हरचा फोटो, खाली अंगठ्यांची रांग. आणि मी तीन डिस्क हातात घेऊन गेलो तर मलाच विचारतात, "काय रे, बॅग विसरलास?"